सासूबाईंच्या गाडीचं वायरिंग

सासूबाईंनी स्पोर्ट्स कार घेतली, ही बातमी बायकोनं मला फोनवर दिली तेव्हा मी ऑफिसात साहेबांसमोर उभा होतो. वार्षिक अहवालात दोन पानं उलटी कशी लागली, याचा खुलासा देत होतो.

"आईनं गाडी घेतलीय," बायको म्हणाली. "लाल. दोन सीटची. टप कापडाचा."

"बरं झालं," मी म्हणालो. साहेब समोर असले की माणूस कशालाही बरं झालं म्हणतो.

"इंजिन तेवढं चांगलं आहे. दिवे लागत नाहीत, हॉर्न नाही, पत्रा खालून सडलाय. आणि ती तू दुरुस्त करणार आहेस."

"मी?"

"तिनं विकणाऱ्याला तसंच सांगितलं. म्हणाली, माझे जावई वायरिंगचे जाणकार आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काही दिवसांपूर्वी सासूबाईंचा बंद पडलेला मिक्सर मी चालू करून दिला होता. बिघाड एवढाच होता, की प्लग भिंतीत नीट बसला नव्हता. तो दाबला की तिथून गुपचूप निघायचं, हे शहाण्याचं काम. मी मात्र हात धुऊन, पुसून, खुर्चीत बसून म्हणालो, "आई, वायरिंग मिक्सरचं असो नाहीतर विमानाचं, तत्त्व एकच." बायको तेव्हाच माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायला हवं होतं.

संध्याकाळी घरी पोचलो तो गाडी माझ्या पार्किंगमध्ये उभी. उभी म्हणण्यापेक्षा बसलेली. इतकी बुटकी, की तिच्याशी बोलायचं तर उकिडवं बसावं लागेल. या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले असतात आणि बटण दाबलं की वर येतात. त्यातला उजवा स्वतःला आत गाडून घेऊन बसला होता आणि डावा अर्धाच वर येऊन अडकला होता, जागरण झाल्यासारखा. दाराखालच्या पत्र्याला मी सहज बोट लावलं. बोट आत गेलं.

"कशी आहे?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. मागे कपाटं, कपाटांत पुस्तकं, आणि वळणावर जरा जोर झाला की सगळं ज्ञानभांडार जमिनीवर. त्यामुळे या बाई आयुष्यभर बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत आल्या. एक अपघात नाही, एक ओरखडा नाही. निवृत्त झाल्या, गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली, आणि आता हे.

"छान आहे," मी म्हणालो. "पण आई, गॅरेजमध्ये का नाही टाकत?"

"दोघांना विचारलं. तीन महिने लागतील म्हणाले. मला शुक्रवारी हवी."

"कुठल्या शुक्रवारी?"

"येत्या," त्या म्हणाल्या. जणू शुक्रवार एकच असतो.

घाईला एक कागदोपत्री कारणही होतं. गाडीच्या तपासणीची मुदत कधीच संपलेली होती आणि तपासणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नव्हती. सासूबाईंनी वाहन तपासणी कार्यालयात जाऊन शुक्रवारची वेळ घेऊनच ठेवली होती. ती हुकली तर पुढची वेळ पुढच्या महिन्यात. त्यात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी खाली आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "नियमानुसार बंद वाहन आवारात ठेवता येत नाही. शुक्रवारपर्यंत आपल्या चाकांवर बाहेर गेलं नाही, तर शनिवारी मी भंगारवाल्याला बोलावतो." सेक्रेटरींचा स्वभाव वाईट नाही. त्यांना फक्त माणसांपेक्षा नियमांची सोबत आवडते.

मी ऑफिसात रजा टाकली. कारण विचारलं तर 'कौटुंबिक अडचण' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या सकाळी मी डॅशबोर्ड उघडला. आत उंदरांचं एक नांदतं घर होऊन गेलेलं होतं. त्यांनी तारांची वरची आवरणं कुरतडून गादी केली होती. उरलेल्या तारा एकेकाळी वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. आता सगळ्या एकजात तपकिरी. पण मी घाबरलो नाही. एकेक तार सोडवायची, तिला कागदाची चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर शाईनं नाव घालायचं: 'ब्रेक', 'डावा दिवा', 'वायपर'. दुपारपर्यंत ते भेंडोळं रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या खोलीसारखं दिसायला लागलं. प्रत्येकाच्या मनगटाला नाव.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चपला फटफटवत खाली आले. सल्ला द्यायला सगळी इमारतच येऊन गेली होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय तोटा? पण डॉक्टर बोलले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी विजेरी काढली, गुडघे टेकले, सडलेल्या पत्र्यात प्रकाश पाडला आणि जिभेनं 'च्च' केलं.

"किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, ही गाडी आहे."

"कीड ती कीड. आधी पूर्ण काढायची, मग भरायचं. वरवर भराल तर आतून पसरेल."

आणि त्यांनी दवाखान्यातली जुनी हत्यारं आणून गंज खरवडायला घेतला. बोटाएवढं भोक होतं ते बशीएवढं झालं, मग ताटाएवढं. माझा जीव वरखाली होत होता, पण त्यांची समाधी लागली होती. भोकाला आतून जाळी लावली, पुट्टी कालवली, थरावर थर दिले. मग पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. पुट्टी पाणी मारून घासतात म्हणे. त्यांनी पाण्याची नळी सोडली. ते पाणी गाडीत कुठून शिरलं ते मला अजून कळलेलं नाही. पण मी चहा पिऊन परत आलो तेव्हा माझ्या सगळ्या बाळांच्या मनगटावर फक्त निळे डाग होते.

"डॉक्टर! माझ्या चिठ्ठ्या!"

"तोंड उघडं ठेवून तुम्ही गेलात कशाला?" ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी पुन्हा बोललो नाही. कामाला मात्र दोघंही दुसऱ्या दिवशी हजर होतो, मी आत आणि ते बाहेर.

नावं गेल्यावर एकेक तार हुडकून काढण्याशिवाय मार्ग नव्हता. मी डॅशबोर्डखाली उताणा, पाय दाराबाहेर, आणि सासूबाई बाहेर विजेरी धरून. "आई, जरा डावीकडे धरा." उजेड हलला नाही. "डावीकडे." उजेड उजवीकडे गेला. मला वाटलं, हात अवघडला असेल. मग त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि डॉक्टरांनी डाव्या बाजूला ठेवलेल्या पुट्टीच्या डब्यात त्यांचा पाय गेला. डबा केशरी रंगाचा, बादलीएवढा. न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी बाहेर आलो. त्या पायाची पुट्टी कागदानं पुसत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आई, काय झालं?"

"डावा डोळा गेलाय," त्या म्हणाल्या. दूध नासलंय म्हणावं तशा. "उजवा ठीक आहे. शनिवारी माझं लायसन संपतंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नवीन दाखला देणार नाही. तोवर दिवसा, डाव्या बाजूला कुणाला तरी बसवून, सांभाळून चालवा. म्हणून शुक्रवार."

"आणि हिला सांगितलंत?"

"तिला सांगितलं तर ती मला आजपासून जिनासुद्धा उतरू देणार नाही. जावईबापू, मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे? मला एकदा, फक्त एकदा, मागे पुस्तकं नसताना गाडी चालवायचीय."

मी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरलो, कारण तोंड लपवायला तेवढीच जागा होती. आता प्रत्येक स्क्रू पिळताना मनात दोन माणसं भांडत होती. काम जमलं नाही, तर या बाईची एकुलती एक इच्छा माझ्या हातानं मोडणार. जमलं, तर एका डोळ्यानं बघणाऱ्या सासूला मीच रस्त्यावर सोडणार, तेही माझ्या वायरिंगवर. आणि बायको रोज संध्याकाळी खाली येऊन विचारायची, "आई एवढी खुशीत का आहे रे?" मी म्हणायचो, "पत्र्याचं काम छान होतंय."

गुरुवारी दुपारी मी बटण दाबलं. दोन्ही दिवे डुलत डुलत वर आले आणि लागले. ब्रेक, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सगळं जिथल्या तिथे. हॉर्न वाजला तेव्हा खिडक्यांतून टाळ्या पडल्या. मी सगळ्यांना हात केला. घोडामैदान अजून पुढेच होतं, पण एवढा मान माझ्या वाट्याला एरवी येत नाही.

"रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिलाय," डॉक्टर म्हणाले. तेच ते आमच्यातलं समेटाचं पहिलं वाक्य. मी मोठ्या मनानं "मारा की" म्हणालो.

शुक्रवारी सकाळी गाडी अशी चमकत होती, की सेक्रेटरींनी तिच्या आरशात बघून भांग पाडला. सासूबाई स्टिअरिंगच्या चाकावर बसल्या, मी डावीकडे. मागून डॉक्टरांच्या स्कूटरवर डॉक्टर आणि त्यांच्या मागे बायको. तिनंही रजा घेतली होती, आईचा आनंद बघायला.

तो प्रवास मी विसरणार नाही. डावी बाजू सगळी माझ्या अंगावर होती. "डावीकडे सायकल... गेली. डावीकडे कुत्रा, बसलेला. उठला! बसला." सासूबाई शांतपणे मान हलवत होत्या. गाडी मात्र अशी चालवत होत्या, की मांडीवरचा पाण्याचा पेला हलला नसता. घाम फक्त मला येत होता. सिग्नलला बायको शेजारी येऊन ओरडली, "अरे, तुमचा ब्रेकचा दिवा लागत नाहीये! आणि वायपर कशाला चालवताय?"

मी समोर बघितलं. खरंच, कोरड्या काचेवर वायपर करकरत होता. आम्ही कुणीच तो लावला नव्हता.

तपासणी कार्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग होती. आमच्या पुढचा टेम्पो एका दिव्यासाठी नापास होऊन गेला. तपासनीस किडकिडीत, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही.

"ब्रेक दाबा."

सासूबाईंनी ब्रेक दाबला. डावा दिवा वर आला आणि खाली गेला.

तपासनीस त्याच्याकडे बघत राहिले. "पुन्हा."

पुन्हा तेच.

"ही मला डोळा मारतेय का?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "ती तशी नाही."

"डावा इंडिकेटर." हॉर्न वाजला. "हॉर्न." वायपर फिरला. "वायपर," त्यांनी थकून विचारलं, आणि काहीच झालं नाही. पेन्सिल कानावरून खाली आली. "नापास. फाटक बंद व्हायच्या आत पुन्हा रांगेत लागलात तर बघतो. नाहीतर पुढच्या महिन्यात या."

सासूबाईंनी चाकावरचे हात काढले नाहीत. त्यांच्यासाठी पुढचा महिना नव्हताच, आणि ते त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं.

गाडी भिंतीकडेला ढकलून मी बॉनेट उघडलं. फ्यूज बघितले, शाबूत. एक जोड सोडून दुसरा लावला, तर डॅशबोर्डमधून धूर निघाला. बायको किंचाळली, "आई, उतर! आधी उतर!" सासूबाई उतरेनात. मी बॅटरीची तार उपटली आणि धूर थांबला. फाटकावरचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन फेऱ्या मारत होता.

बॅटरी पुन्हा जोडली. सगळं सोडून मी एक मोकळी तार घेतली, दिव्याचं बटण दाबून ठेवलं, एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला आणि दुसरं थेट दिव्याच्या परतीच्या टोकाला टेकवलं. दिवा लख्ख लागला. म्हणजे दिवा ठीक, वीज जातेय ठीक. परत यायलाच वाट नाही, म्हणून ती बिचारी दिसेल त्या घरात घुसतेय! परतीची तार मी पुढच्या पत्र्याला बोल्टानं आवळली होती. मी तिथे बघितलं. गुळगुळीत, लालचुटूक, आरशासारखा पत्रा, आणि त्यावर तो बोल्ट ऐटीत बसलेला.

"डॉक्टर, हा बोल्ट तुम्ही काढला होता?"

"काढून परत लावला," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "खाली भयंकर ओबडधोबड होतं. पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात. आता शोधूनही सापडणार नाही."

"अहो, पुट्टीतून वीज जात नाही!"

"पण पाणीही जात नाही," ते म्हणाले.

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. डॉक्टर दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. "माझ्या डोळ्यांदेखत? चार दिवसांचं काम आहे ते!"

"डॉक्टर," सासूबाई आतून म्हणाल्या, "डोळे मिटा."

त्या आवाजात असं काही होतं, की डॉक्टरांनी खरंच हात खाली घेतले. मग माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे तुच्छतेनं बघून म्हणाले, "याच्यानं नको. सगळ्या कडा उडवाल. बाजूला व्हा." खिशातून त्यांचं बारीक हत्यार निघालं आणि बोल्टाखालचा रंग, पुट्टी, सगळं वर्तुळाकार खरवडून त्यांनी खालचा पांढरा पत्रा उघडा केला. त्यांच्या कपाळावरचा घाम बायकोनं स्वतःच्या रुमालानं टिपला. मी बोल्ट आवळला. शिपाई फाटकाला हात लावत होता तेव्हा आम्ही चौघं मिळून, तीन ढकलणारे आणि एक चाकावर, रांगेत शिरलो.

"ब्रेक." मागे दोन लाल दिवे. "डावा. उजवा. हॉर्न. वायपर." सगळं वाजलं, लागलं, फिरलं. तपासनीसांनी शिक्का मारला. मी डॉक्टरांना मिठी मारली, त्यांनी मला मारली. आणि मग तपासनीस म्हणाले, "चालकाचं लायसन?"

सासूबाईंनी दिलं.

"उद्या संपतंय हे."

"अगं आई, सांगायचं नाही का?" बायको म्हणाली. "सोमवारी मी अर्ज आणते."

"डोळ्यांचा दाखला जोडा म्हणजे झालं," तपासनीस म्हणाले.

सासूबाई चाकाकडे बघायला लागल्या. मी बॉनेटकडे. बायकोनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघणं थांबवलंच नाही.

"डोळ्याला काय झालंय?"

"डावा दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुला माहीत होतं?" हे मला.

"हो."

"तरी तू ही गाडी दुरुस्त केलीस."

मी तारेचा एक तुकडा बोटाला गुंडाळत उभा राहिलो. डॉक्टर आपल्या हत्यारावरची पुट्टी फुंकरत होते. बायकोचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ती गाडीला वळसा घालून गेली, डावं दार उघडलं आणि आत बसली.

"चल," ती आईला म्हणाली.

"कुठे?"

"मला काय विचारतेस? गाडी तुझी आहे. डावीकडे मी बघते."

कार्यालयामागे गोदामांमधून जाणारा लांब, सरळ, रिकामा रस्ता होता. गाडी त्यावर वळली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. मग जो आवाज आला तो मी या इंजिनाकडून कधी ऐकला नव्हता. लाल ठिपका बारीक होत गेला आणि गोदामांच्या पलीकडे दिसेनासा झाला. मग एका ट्रकचा भोंगा. टायर घासल्याचा लांबलचक आवाज. आणि शांतता.

"काच फुटल्याचं ऐकू नाही आलं," डॉक्टर म्हणाले. ते सांत्वन होतं. मी पळत सुटलो. या वयात, या चपलांनी, आणि पळताना मनात एकच, की ब्रेकची तार मी नीट आवळली होती ना? ब्रेकच्या दिव्याचा आणि ब्रेकचा संबंध नसतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

अर्ध्या रस्त्यात गाडी समोरून येताना दिसली. धक्के खात, थांबत, पुन्हा उसळी घेत. शेजारी येऊन ती बंद पडली. चाकावर बायको होती. सासूबाई डावीकडे, केस सगळे उभे.

"डावीकडच्या गल्लीतून ट्रक आला," सासूबाई मला म्हणाल्या. "ही ओरडली म्हणून थांबले. हातभर राहिला होता. मला तो दिसलाच नाही." त्यांनी उभे केस दोन्ही हातांनी बसवले. "मग मीच उतरले. हिला म्हटलं, सरक तिकडे."

मी बायकोकडे बघितलं. ती रडत होती, पण तिला नाक पुसायलाही सवड नव्हती.

"क्लच सोड. हळू," सासूबाई म्हणाल्या. "हळू म्हणजे हळू! पाय आहे का पाटा?"

"सोडतेय ना!"

"सोडत नाहीयेस, टाकतेयस. पुस्तकं असती तर सगळी माझ्या डोक्यात आली असती."

गाडी उडी मारून पुन्हा बंद पडली. तपासनीस डबा खायला बाहेर आले होते. ते लांबून ओरडले, "बाई, गाडी पास आहे. चालक नापास!"

बायको रडता रडता हसायला लागली. तिच्या मागोमाग सासूबाई. तिसऱ्या प्रयत्नात गाडी निघाली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बसायला जागा नव्हती. मी डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसलो. वाटभर ते मला त्या खरवडलेल्या वर्तुळाबद्दल सुनावत होते, आणि मी ऐकत नव्हतो. पुढे बायको दर दहा पावलांवर ब्रेक दाबत होती. आणि दर वेळी मागचे दोन्ही लाल दिवे, एकदम, बरोबर, लागत होते.